परका कोड घरात घेताना मूळ प्रत वेगळी ठेवा



या पानावर आपण बहुतेक वेळा दांडिया बाजारातले वाडे, सुरसागरावरचं विसर्जन, शाळेतले मास्तर अशा आठवणी लिहितो. आज मी माझ्या कामातला विषय घेऊन आले आहे. सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ तीस वर्षं काढून मी निवृत्त झाले, आणि एका बाबतीत माझं मत इतकं पक्कं झालंय की ते लिहून ठेवावंसं वाटतं. आपल्या बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी आज पुण्यात, बंगळूरला, हैदराबादला नाहीतर परदेशात हेच काम करतंय. त्यांना हे वाचायला द्या. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचा, कारण घरातले जुने कागद सांभाळणाऱ्यांनाही हे लागू पडतं.

माझं मत असं. दुसऱ्याने लिहिलेला कोड आपल्या रिपॉझिटरीत आणायचा असेल, तर तो आधी जसाच्या तसा, एकही अक्षर न बदलता, वेगळा नोंदवावा. कुठून घेतला, कितवी आवृत्ती, कधी घेतली हे सोबत लिहावं. आपले बदल त्यानंतर, एकेक करून, कारणासकट नोंदवावेत. दोन्ही एकत्र कालवू नयेत.

रिपॉझिटरी म्हणजे काय, तर कोडचा चोपडा. आपल्या शेजारच्या गुजराती दुकानदाराचा चोपडा आठवा. त्यात झालेली नोंद खोडून काढत नाहीत, चूक झाली तर पुढे दुरुस्तीची नोंद करतात. कुणी, कधी, काय बदललं हे सगळं मागे जाऊन बघता येतं. गिट नावाचं जे साधन आज सगळे वापरतात ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलं, पण कल्पना त्याच्या बरीच आधीची आहे. आम्ही सुरुवातीला सीव्हीएस वापरायचो.

आता कुठलंही सॉफ्टवेअर कोणी अथपासून इतिपर्यंत स्वतः लिहीत नाही. फाइल दाबून लहान करायची असेल, इंटरनेटवरचं बोलणं कुलूपबंद करायचं असेल, तर त्यासाठी दुसऱ्यांनी लिहिलेला, सर्वांना मोफत दिलेला कोड घेतात. हा कोड बहुतेक वेळा टारबॉलच्या रूपात येतो, म्हणजे सगळ्या फायलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा. तो उघडून आपल्या चोपड्यात कसा घालायचा, हा आजचा प्रश्न.

सीव्हीएसमध्ये यासाठी 'इम्पोर्ट' नावाची वेगळी आज्ञाच होती. बाहेरून आलेला कोड ती एका स्वतंत्र फांदीवर ठेवायची, देणाऱ्याचं नाव आणि आवृत्तीची खूण लावूनच. नवी आवृत्ती आली की ती त्याच फांदीवर जायची आणि मग आपल्या बदलांशी जुळवायची. साधन जुनं, आज कोणी फारसं वापरत नाही, पण ही रीत फार शहाणपणाची होती.

डेबियन या लिनक्स वितरणाचे लोक हे आजही फार काटेकोरपणे करतात. त्यांच्या मूळ पॅकेजमध्ये लेखकाचा गठ्ठा वेगळा असतो, डेबियनने केलेले बदल वेगळे, आणि या दोन्हींचे हिशेब लिहिलेली एक छोटी फाइल तिसरी. हे गिटमध्ये आणण्यासाठी त्यांच्याकडे गिट-बिल्डपॅकेज नावाचं साधन आहे. ते मूळ लेखकाचा कोड 'अपस्ट्रीम' नावाच्या फांदीवर ठेवतं, त्यावर आवृत्तीची खूण लावतं, आणि डेबियनचे बदल दुसऱ्या फांदीवर. जोडीला प्रिस्टीन-टार नावाचं एक साधन आहे. ते थोडीशीच माहिती साठवतं, पण तिच्या जोरावर मूळ गठ्ठा जसा आला होता तसाच, बाइटनबाइट, पुन्हा बांधता येतो. एवढी खटपट कशाला, असं वाटेल. पण त्यामुळे कुठल्याही दिवशी दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात: लेखकाने आपल्याला काय दिलं होतं, आणि आपण त्यात काय केलं.

ही उत्तरं नसली की काय होतं ते मी जवळून बघितलंय. ७ एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' दोष जाहीर झाला. आवृत्ती १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंत तो होता, १.०.१जी मध्ये दुरुस्त झाला. समोरच्या सर्व्हरच्या मेमरीतला तुकडा बाहेरच्या माणसाला वाचता यायचा, त्यात पासवर्डही असू शकत, गुप्त किल्ल्याही. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे ग्राहकांचे फोनवर फोन सुरू झाले. प्रश्न एकच: तुमच्यात हा दोष आहे का? हो किंवा नाही, एवढंच सांगायचं होतं, आणि आम्हाला ते सांगता येईना. कारण काही वर्षांपूर्वी कोणीतरी ओपनएसएसएलचा कोड आमच्या रिपॉझिटरीत आणून टाकला होता आणि नोंद केली होती ती फक्त एका ओळीची, 'बाहेरच्या फायली टाकल्या'. त्याच नोंदीत आमच्या लोकांचे बदलही मिसळलेले. पुढे आणखी कोणीतरी त्यातल्या निवडक फायली नव्या आवृत्तीच्या आणल्या होत्या. म्हणजे वर आवृत्तीचा आकडा एक आणि आतला माल भलताच. टाकणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला. मूळ गठ्ठे शोधून, एकेक फाइल ताडून बघण्यात आमच्या चार माणसांचे दोन आठवडे गेले, आणि तेवढे दिवस ग्राहक टांगणीला.

यावर नेहमी तीन आक्षेप येतात. तिन्ही मी पुष्कळदा ऐकलेत.

पहिला: "बाहेरचा कोड आपल्याकडे ठेवायचाच कशाला? लागेल तेव्हा इंटरनेटवरून येतो की!" येतो, येत असेल तोवर. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं एक इवलंसं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं. कोड किती, तर अकरा ओळी. पण त्यावर अवलंबून असलेली कितीतरी सॉफ्टवेअर्स जगभर बांधता येईनाशी झाली. काही तासांत ते परत आणावं लागलं. घरात पिठाचा डबा असावा, रोज शेजारी वाटी घेऊन जाऊ नये, एवढंच मी म्हणते. मात्र डबा भरला आणि विसरला असंही नको. प्रत आपल्याकडे ठेवली की मूळ लेखक दुरुस्ती करतोय का यावर लक्ष ठेवणं आपल्या अंगावर आलं. ते झेपत नसेल तर प्रत ठेवू नका.

दुसरा: "शेवटी कोड चालतो ना? मग मिसळला काय आणि वेगळा ठेवला काय!" आज चालतो. पण नवी आवृत्ती आली की आपले बदल कुठले आणि त्यांचे कुठले हे कसं कळणार? रेड हॅटने लिनक्स कर्नेलचं मूळ पॅकेज देताना आपले सगळे बदल आधीच मिसळून एकच गठ्ठा द्यायला सुरुवात केली, तेव्हा लिनक्सच्या जगात बरीच ओरड झाली होती. परवान्याच्या दृष्टीने त्यात काही वावगं नव्हतं, कोड पूर्ण होता. गेलं होतं ते वेगळेपण. भाजणी दळून आल्यावर त्यातली ज्वारी किती आणि हरभऱ्याची डाळ किती हे पीठ बघून सांगता येत नाही, तसंच हे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: "मूळ गठ्ठाच बिघडलेला असेल तर? तो जसाच्या तसा जपून काय मिळवलंत?" २०२४ मध्ये नेमकं हेच झालं. एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदार ठेवलं होतं. जिया टॅन हे नाव लावणाऱ्याने आधी दोनेक वर्षं काम करून विश्वास मिळवलेला. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते उघड केलं, आणि त्यांना संशय आला तो दुसऱ्या यंत्रावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून! यातली मेख अशी होती की चोरदार उघडणारी एक फाइल गठ्ठ्यात होती, पण लेखकांच्या जाहीर गिट रिपॉझिटरीत नव्हती. गठ्ठा आणि रिपॉझिटरी एकमेकांशी ताडून बघितली असती तरच ती दिसली असती.

मला यातून उलटाच धडा मिळतो. मूळ प्रत जशीच्या तशी असेल तरच ती कशाशी तरी ताडून बघता येते. आपले बदल त्यात मिसळले की प्रत्येक फाइल थोडी थोडी वेगळी दिसणार, आणि त्या गर्दीत एक घातक फरक सहज लपणार. म्हणून मी आता एक पायरी वाढवून सांगते: गठ्ठा आणाल तेव्हा लेखकाच्या रिपॉझिटरीतली त्याच आवृत्तीची खूण शोधा, दोन्ही ताडा, आणि गठ्ठ्यात जास्तीचं काही दिसलं तर ते का आहे हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्या बडोद्याला ही शिस्त नवी नाही. इथल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताचं तसं काम त्याआधीच सुरू केलं होतं. त्या खंडांचं पान उघडून बघा. वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ, खाली बारीक टाइपात कुठल्या पोथीत काय वेगळं आहे त्याची नोंद, प्रत्येक पोथीला तिचं खूणअक्षर. संपादकांचा निर्णय पटला नाही तर तुम्ही खाली बघून स्वतः ठरवू शकता. त्या पंडितांसमोर संगणक नव्हता, पण पोथीचं ते पोथीचं आणि संपादकाचं ते संपादकाचं, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

म्हणूनच कागद सांभाळणाऱ्यांनीही वाचावं असं वर म्हटलं. सध्या आपल्यातल्या कितीतरी घरांत जुने कुळवृत्तांत, मोडीतली पत्रं, आजोबांच्या वह्या संगणकावर चढवायचं काम चाललंय. उत्साह मोठा आहे, आनंदच आहे. पण बघते तर पुतण्या टाइप करतो, काका फोनवर सांगतात "ते नाव चुकलंय, बदल", आत्या एक पिढी वाढवते, आणि सगळं एकाच फाइलमध्ये, आधीच्यावरच. दहा वर्षांनी कोणी विचारलं की मूळ छापील पानावर काय होतं, तर काय दाखवणार? काकांची आठवण बरोबर असेलही. पण ती काकांची म्हणून नोंदवा.

तेव्हा पानाचा फोटो किंवा स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये, त्याला हात लावायचा नाही. मजकूर जसा छापलाय तसा, चुकांसकट, एकदा टाइप करायचा. मग दुरुस्त्या वेगळ्या, प्रत्येकीसमोर कुणी सांगितलं आणि कधी. आणि घरात कोडवालं मूल असेल तर त्यालाच बसवा या कामाला, गिट त्याला येतंच. सुट्टीत येतील तेव्हा एक दुपार पुरते.