ब्लेडने कापलेला आमिर

सांगलीतल्या आमच्या वाचनालयात ‘स्टारडस्ट’ मासिक हाती पडेपर्यंत त्यातला आमिर खान पसार झालेला असायचा. कुणीतरी ब्लेड लावून फोटो अलगद काढून नेलेला आणि मागच्या पानावरच्या मुलाखतीला बरोबर मधोमध खिंडार. आधीच ते इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, त्यात निम्म्या ओळी गायब. मग कोण कुणाबद्दल काय म्हणालं असेल, ते आम्ही मैत्रिणी जुळवत बसायचो. मूळ मुलाखतीपेक्षा आमची जुळणी नक्कीच जास्त चटकदार असणार.

‘कयामत से कयामत तक’ एप्रिल १९८८ मध्ये आला आणि वर्गातल्या निम्म्या मुली आमिरवर लट्टू झाल्या. त्याचं लग्न तर १९८६ मध्येच झालेलं! नायक बोहल्यावर चढलेला आहे हे कळलं तर पोरी थिएटरकडे फिरकणार नाहीत, या धास्तीनं ते गुलदस्त्यात ठेवलं होतं. कमाल म्हणजे ‘पापा कहते हैं’ या गाण्यात त्याची बायको रीना पडद्यावर ओझरती दिसतेसुद्धा. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये डोळे फाडून ते गाणं बघणाऱ्या आम्हाला तिचा पत्ताच नव्हता. आज पहिल्याच दिवशी कुणीतरी तिच्याभोवती लाल गोल काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला असता.

सिनेमासिकांची भलामण मला करायची नाही. नट्यांबद्दल वाट्टेल ते छापून मोकळी व्हायची. खुलासा आलाच तर पुढच्या अंकात, कोपऱ्यात. पण फोटोखाली लाइक्सचा आकडा नसे. आपल्यासारख्या आणखी किती जणी रांगेत आहेत याचा हिशेब कुणी दाखवत नसल्यामुळे तो माणूस बिनदिक्कत आपल्या एकटीचा असायचा.

मुलांची तऱ्हा वेगळी नव्हती. डिसेंबर १९८९ मध्ये ‘मैंने प्यार किया’ आला. भाग्यश्री म्हणजे सांगलीच्या पटवर्धनांच्या राजघराण्यातली, त्यामुळे गावातला प्रत्येक पोरगा तिच्यावर हक्क सांगू लागला. पण तिनं हिमालय दासानीशी लग्न केलं आणि वर ‘कैद में है बुलबुल’मध्ये त्यालाच नायक म्हणून घेऊन आली! आमच्या दादानं हौसेनं सिनेमातल्यासारखी ‘फ्रेंड’ लिहिलेली टोपी आणली होती. ती आईनं दूधवाल्याला देऊन टाकली तेव्हा दादानं चकार शब्द काढला नाही. पुढचंही सांगितलं असतं, पण वहिनी हे सदर नेमानं वाचते.