नळीच्या लांबीचे नव्हे, पोचलेल्या हवेचे पैसे द्यावेत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाड, जि. रायगड.

विषय : वातानुकूलनाच्या कामांतील फ्लेक्सिबल डक्टचे माप, जोडणी व देयक यांबाबत.

महोदय,

महाड व पोलादपूर तालुक्यांत वातानुकूलनाची कामे करणारे आम्ही कारागीर आणि वातानुकूलन वापरणारे काही दुकानदार व रहिवासी हे निवेदन सादर करीत आहोत. आपल्याला छळतो तो उन्हाळ्यातला घाम आणि पावसाळ्यातला दमटपणा.

फ्लेक्सिबल डक्ट, म्हणजे फॉल्स सीलिंगवरची चंदेरी नळी, हवी तशी वळते, म्हणून तिचे माप कोणी मनावर घेत नाही. यंत्राच्या दर टनामागे मिनिटाला साधारण 400 घनफूट हवा फिरावी लागते. ती खोल्यांच्या गरजेप्रमाणे वाटून मग प्रत्येक नळीचा व्यास ठरवायचा असतो. 6 इंचीऐवजी 8 इंची नळी घेतली, तर तेवढ्याच दाबाने जवळपास दुप्पट हवा जाते. पण व्यास बरोबर असूनही काम फसते. नळीच्या आत तारेचे वेटोळे असते. ती पूर्ण ताणली नाही तर आतल्या पापुद्र्याला चुण्या पडतात. 15 टक्के ढिलाई राहिली तरी हवेला होणारा अडथळा दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो.

महाडमधल्या एका खासगी दवाखान्यात शेवटची खोली थंड होईना, म्हणून मोठे यंत्र बसवले गेले. फरक शून्य. छत उघडले तेव्हा पाच मीटर अंतरासाठी अख्खी गुंडाळी कोंबलेली निघाली, वर ती तुळईखाली चेपलेली. नळी कापून ताणल्यावर खोली थंड झाली. जुने यंत्रच पुरले असते.

यात कारागिराचा आळस आहेच. पण खरे मूळ देयकाच्या पद्धतीत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. डक्टचे पैसे रनिंग मीटरवर मिळतात. नळी जितकी जास्त कोंबावी तितके बिल मोठे आणि हवा कमी. आम्हीही अशी बिले लावली आहेत, हे नाकारत नाही.

म्हणून विनंती की, आपल्या अखत्यारीतील इमारतींच्या निविदांत खोलीनिहाय हवेचा हिशेब व नळीचा व्यास नोंदवणे सक्तीचे करावे. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या आठव्या भागात वातानुकूलनाचे स्वतंत्र प्रकरण आहेच. अंतिम देयक प्रत्येक झरोक्यावर ॲनिमोमीटरने हवा मोजून, ती नोंद मोजमाप पुस्तिकेत घेतल्यावरच अदा व्हावे. छत बंद करण्यापूर्वी शाखा अभियंत्यांनी जोडणी पाहावी: नळी ताणलेली, वळण ऐसपैस, आधार साधारण दीड मीटरच्या आत, बाहेरचे वेष्टन कुठेही फाटलेले नाही. वेष्टन फाटले की आपल्या दमट हवेत नळीला पाणी सुटते आणि छतावर काळे डाग धरतात.

आणखी एक. 22 जुलै 2021 च्या महापुरात महाड बाजारपेठेतील तळमजले पाण्याखाली गेले. पुराचे पाणी मुरलेले नळीचे अस्तर धुऊन साफ होत नाही. अशी नळी वाळवून पुन्हा न वापरता बदलण्याची अट दुरुस्तीच्या अंदाजपत्रकांत घालावी.

एखाद्या शासकीय इमारतीत हे मोजमाप आम्ही विनामूल्य करून दाखवू. आपण फक्त दिवस कळवावा. शिडी आणि मापनयंत्र आम्ही घेऊन येऊ.

आपले विनीत,
महाड व पोलादपूर तालुक्यांतील वातानुकूलन कारागीर, दुकानदार व रहिवासी

प्रत माहितीसाठी : मा. मुख्याधिकारी, महाड नगरपरिषद व पोलादपूर नगरपंचायत.