पॉइंट काढण्याआधी विचारा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. नव्या फ्लॅटमध्ये पीओपीचे छत आणि त्यात आठ-दहा गोल दिवे, हा जणू नियमच झाला आहे. हे काम करणाऱ्या वायरमन, सुतार व पीओपी कारागिरांत आपले पुष्कळ बांधव आहेत. पण दिवा कुठे हवा, हे सहसा कोणी ठरवतच नाही. आधी छताची नक्षी ठरते आणि दिवे तिच्यामागे फरफटत जातात.

त्याचा त्रास राहणाऱ्याला होतो. स्वयंपाकघरातली ट्यूब पाठीमागे असते, म्हणून ओट्यावर भाजी चिरणाऱ्या बाईच्या हातावर तिचीच सावली पडते. पलंगावर आडवे झाले की दिवा थेट डोळ्यांत येतो.

यावरचे उपाय महाग नाहीत. ओट्यावरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी लावावी, आरशाच्या दोन्ही बाजूंना दिवे द्यावेत, पलंगाजवळ टू-वे स्विच ठेवावा. झोपण्याच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड बरा वाटतो. ६५०० केल्विनचा पांढरा उजेड कामाच्या जागी ठीक. वृद्धांच्या डोळ्यांना तरुणांपेक्षा पुष्कळ जास्त उजेड लागतो, हेही ध्यानात घ्यावे. छतात लपवलेल्या पट्टीचा ड्रायव्हर बहुधा पट्टीच्या आधी जातो. तो काढण्यासाठी झाकण ठेवले नाही, तर पुढे पीओपी फोडावे लागते आणि नाव कारागिराचे खराब होते.

२०१५ साली उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी घरोघरी पोहोचला. ९ वॉटचा दिवा जुन्या ६० वॉटच्या बल्बइतका उजेड देतो. आज असा दिवा लोहार चाळीत मिळतो, तसा घरबसल्या मोबाईलवरही मिळतो. निव्वळ किमतीच्या स्पर्धेत उपनगरातला छोटा दुकानदार टिकणे कठीण आहे. त्याच्या हाती उरते ते ज्ञान आणि गिऱ्हाइकाचा विश्वास.

काहींना वाटेल, कमी दिवे सांगितले तर विक्री घटेल. पण दहाऐवजी सहा दिव्यांत भागते, असे जो प्रामाणिकपणे सांगतो, त्याच्याकडेच गिऱ्हाईक उद्या शेजाऱ्याला घेऊन येते. तेव्हा पॉइंट काढण्याआधी घरभर फिरा. कोण कुठे बसते, कुठे वाचते, रात्री कोण उठते, हे विचारा. आणि त्या सल्ल्याचे रास्त पैसे मागायला संकोच करू नका. धंद्याची बरकत त्यातच आहे.