फलक आणि राजपत्र

वेगमर्यादेच्या दंडाला आव्हान देणारा म्हणजे बेफाम चालकांचा कैवारी, हा समज सत्तेला सोयीचा असला तरी फसवा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ११२ स्पष्ट आहे. एखाद्या रस्त्यावर वेगाला निर्बंध घालायचा तर राज्य शासनाने वा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याने राजपत्रात अधिसूचना काढावी आणि योग्य जागी फलक उभारावा. अधिसूचनेतून सूट आहे ती केवळ महिनाभरापुरत्या निर्बंधाला. अधिसूचनेवाचून वर्षानुवर्षे उभा असलेला फलक हा केवळ रंगवलेला पत्रा होय.

पण हा प्रश्न विचारणार कोण? कल्याण–निर्मल महामार्गावरून माल वाहणाऱ्या पाथरीच्या टेम्पोचालकाचे उदाहरण घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाच्या अतिवेगाचा दंड किमान १,००० रुपये केला. पैसे भरले की कलम २०० खाली तडजोड होते, प्रकरण मिटते आणि फलकाची वैधता अनिर्णितच राहते. लढायचे तर वकील हवा, प्रत्येक तारखेला रोजगार बुडणार. म्हणून श्रमिक मुकाट्याने पैसे भरतो आणि त्याच्या मौनालाच कबुली मानले जाते.

वेगमर्यादा हवीच, ती नसेल तर पहिला बळी पायी चालणाऱ्याचा जातो. म्हणूनच तिचा पाया कायदेशीर हवा. प्रत्येक फलकावर अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक असलाच पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली तालुक्यातील प्रत्येक फलकाची अधिसूचना मागावी. नागरिकाला कायदा शिकवणाऱ्या शासनाने आधी स्वतः तो पाळावा.