विषाणूची ओळख रोपवाटिकेतच व्हावी

पपईच्या शेंड्याची पाने दोरीसारखी अरुंद झाली, देठावर तेलकट रेषा उमटल्या, फळावर वलये दिसू लागली, की बागायतदाराच्या लक्षात येते. पण तोवर उशीर झालेला असतो. रिंगस्पॉट विषाणूवर औषध नाही. झाड उपटून नष्ट करणे एवढेच हाती उरते. तत्कालीन मुंबई प्रांतातील पपईच्या मोझॅक रोगाची नोंद कपूर आणि वर्मा या शास्त्रज्ञांनी १९४८ सालीच केली होती. तेव्हा हे संकट नवे म्हणता येणार नाही.

पालघर-बोईसर परिसराची ओळख चिकूची; परंतु वाड्यांतून पपई आणि केळीही घेतली जाते. येथे रोगनिदान बहुधा डोळ्यांनी होते आणि डोळे फसतात. बांधावर फवारलेले २,४-डी तणनाशक वाऱ्याने आले तरी पपईची पाने अशीच वेडीवाकडी होतात. कोळी किडीनेही होतात. तारापूरच्या कारखान्यांशेजारी तर दोष धुराला देऊन मोकळे होणे फार सोपे. प्रदूषणाचा प्रश्न खराच आहे, पण म्हणून रोगट झाड बागेत उभे ठेवावे काय? खरे उत्तर एलायझा किंवा आरटी-पीसीआर चाचणीच देऊ शकते. २०२० च्या महामारीत हे दुसरे नाव घरोघरी पोहोचले. वाडीत मात्र ते अद्याप परकेच आहे.

पुष्कळांचा समज असा, की खात्रीचे बियाणे घेतले म्हणजे चिंता मिटली. रिंगस्पॉट बियाण्यातून येत नाही, मावा किडीमार्फत येतो. निर्दोष बियाण्याचे रोप जुन्या रोगट बागेशेजारी उघड्यावर वाढवले, तर ते पिशवीतच बाधित होऊ शकते. केळीचे उलट आहे. पर्णगुच्छ रोगाचा विषाणू मुनव्यातूनच पुढच्या पिढीत जातो आणि मुनवा वरून निरोगी दिसू शकतो. तमिळनाडूतील पळणीच्या डोंगरांवरील विरुपाक्षी केळी याच रोगाने उद्ध्वस्त झाली.

ऊतिसंवर्धित रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली प्रमाणन व्यवस्था उभी केली. त्यांची विषाणू तपासणी होते. पिशवीतील पपईचे रोप या व्यवस्थेबाहेर राहिले. फळरोपवाटिकांसाठी राज्याचा कायदा १९६९ चा आहे. त्याच वर्षी तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले! जेथे अणूचे विघटन साधले, तेथे पानातील विषाणू ओळखणे अशक्य कसे म्हणावे?

दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र यांनी शासनाच्या साहाय्याने जिल्ह्यात एक तपासणी केंद्र चालवावे. प्रत्येक रोपाची चाचणी परवडणार नाही. दहा-वीस रोपांच्या पानांचा एकत्रित नमुना घेता येईल. मात्र नुकत्याच बाधित रोपात विषाणू इतका अल्प असतो, की चाचणीला तो सापडेलच असे नाही. त्यामुळे तपासलेली रोपे विक्रीपर्यंत कीटकरोधक जाळीतच ठेवण्याची सक्ती हवी; उघड्यावर ठेवलेल्या रोपाचा दाखला आठवडाभरातही निरर्थक ठरू शकतो.