विश्लेषण : तार तुटून शेतात पडली, तरी फ्यूज का उडत नाही?

मृगाच्या सरी सुरू झाल्या की परभणी जिल्ह्यात पेरणीची लगबग सुरू होते. त्याच दिवसांत वादळाने वीजतारा तुटल्याच्या, शॉक लागून माणसे-जनावरे दगावल्याच्या बातम्याही येतात. प्रश्न दरवेळी तोच असतो: तार जमिनीवर पडली, मग वीज आपोआप बंद का झाली नाही?

ओहमचा नियम काय सांगतो?

जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला हिशेब सोपा आहे. व्होल्टेजला रोधाने (रेझिस्टन्स) भागले की प्रवाह मिळतो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध जवळपास शून्य होतो. प्रवाह प्रचंड वाढून फ्यूज क्षणात वितळतो. याउलट, तुटलेली तार हवेत लोंबकळत राहिली तर रोध जवळजवळ अनंत असतो. प्रवाह वाहत नाही, पण तारेत व्होल्टेज कायम असते.

मग जीव कुठे जातो?

या दोन टोकांच्या मध्ये. समजा, २३० व्होल्टची तार मातीवर पडली आणि तिथला रोध १०० ओहम आहे. प्रवाह होतो फक्त २.३ अँपिअर. घरातली इस्त्रीही याहून जास्त घेते! मग डीपीवरचा फ्यूज उडणार कसा?

माणसाचे काय?

कोरड्या त्वचेचा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. भिजलेल्या शरीराचा तो साधारण हजारावर येतो. म्हणजे सुमारे २३० मिलिअँपिअर. फ्यूजसाठी हा आकडा नगण्य, पण हृदय बंद पाडायला पुरेसा.

काळ्या मातीचा काय संबंध?

उन्हाळ्यात काळी जमीन वाळून भेगाळते. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची मातीही सुटते आणि तिथला रोध वाढतो. अशा वेळी स्टार्टरच्या लोखंडी पेटीत करंट उतरला, तरी फ्यूज शाबूत राहू शकतो.

उपाय काय?

अर्थिंगच्या खड्ड्यात ओल टिकवा, फ्यूजमध्ये जाड तार घालू नका. घरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. पंपासाठी योग्य आरसीसीबी इलेक्ट्रिशियनकडून निवडून घ्या. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात फरक पडला की तो वीज तोडतो. मात्र बाहेर पडलेल्या तारेवर त्याचा इलाज नाही. ‘फ्यूज उडाला असेल’ असे गृहीत धरू नका. लांब राहा, इतरांनाही अडवा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवा.