गर्भपाताचा कायदा व विलंबाचा अनर्थ

गर्भपात हा शब्द अग्रलेखांत पाहून आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या विषयावर सभ्य माणसें मौन धरितात त्याच विषयावर भोंदूंचें दुकान चालतें, हा जगाचा अनुभव आहे. वसईपासून विरारपर्यंतच्या आमच्या शहरांत पाळी चुकलेली व मूल नको असलेली स्त्री पुष्कळदां प्रथम शेजारणीस विचारते, मग औषधाच्या दुकानीं माणूस पाठविते, आणि डॉक्टरची पायरी सर्वांच्या शेवटीं चढते. या क्रमांत जे आठवडे निघून जातात त्यांची भरपाई पुढें कोणासही करतां येत नाहीं. म्हणून आज याच एका गोष्टीविषयीं स्पष्ट लिहावयाचें आम्हीं ठरविलें आहे.

लाजेपायीं होणारा अनर्थ महाराष्ट्रास नवा नाहीं. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, आणि १८७५ सालीं पंढरपुरास तशीच संस्था निघाली. कारण फसलेल्या विधवेस लोकनिंदेच्या भीतीनें विहीर जवळ करावी लागे, नाहीं तर पोटच्या पोरास मारावें लागे. १९२१ सालीं र. धों. कर्वे यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, तेव्हां समाजानें त्यांस दूषणेंच दिलीं. त्या पिढ्यांस जें लाभलें नाहीं तें आजच्या स्त्रीस कायद्यानें लाभलें आहे. शांतिलाल शहा समितीच्या अहवालानंतर १९७१ सालीं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला, व १ एप्रिल १९७२ पासून तो अंमलांत आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला. परंतु समाजाची लाज मात्र १८६३ सालींच थांबून राहिली आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजितात. ज्या स्त्रीची पाळी दर २८ दिवसांनीं येते, तिची पाळी चुकली त्याच दिवशीं डॉक्टरच्या हिशेबीं चार आठवडे भरलेले असतात. 'अजून पंधराच दिवस वर गेले आहेत' असें ती म्हणते, तेव्हां सहा आठवडे पुरे झालेले असतात. लघवीची साधी तपासणी पाळी चुकल्यावर घरींही करतां येते. ती करावयास महिना कशासाठीं घालवावा?

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांचा उपाय कायद्यास मान्य आहे. प्रथम मिफेप्रिस्टोन, व एक-दोन दिवसांनीं मिसोप्रोस्टॉल, असा त्याचा क्रम असतो. पोटांत कळा येऊन व पाळीहून अधिक रक्त जाऊन गर्भ पडतो. दुसरा उपाय म्हणजे नळीनें ओढून घेऊन गर्भाशय रिकामें करणें. साधारणतः बारा आठवड्यांपर्यंत हा उपाय करितात. तो थोड्या मिनिटांत आटोपतो व बहुधा त्याच दिवशीं घरीं जातां येतें. गर्भाशय खरवडण्याची जुनी रीत, जिला लोक क्युरेटिंग म्हणतात, ती आतां टाळावी असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. बारा आठवड्यांपुढेंही उपाय आहेत. पण दिवस जसे चढतात तसा धोका, खर्च व रुग्णालयांतील मुक्काम वाढत जातो.

गोळ्याच घ्यावयाच्या तर डॉक्टर कशास हवा, असें कोणी विचारील. गर्भ गर्भाशयांत न राहतां नळींत राहिला असेल, तर या गोळ्यांनीं तो पडत नाहीं. नळी फुटून पोटांतल्या पोटांत रक्त वाहूं लागतें व स्त्रीच्या जिवावर बेततें. म्हणून आठवडे किती व गर्भ कोठें, हें आधीं कळलें पाहिजे. गोळ्या घेतल्यावर लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड भिजले, ताप दिवसभर हटला नाहीं, अंगावरून दुर्गंधी जाऊं लागली, किंवा घेरी आली, तर क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

कायद्याविषयींचे गैरसमजही विलंबास कारण होतात. वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचें मत पुरतें. स्त्रीच्या जिवास अथवा तिच्या शरीराच्या वा मनाच्या आरोग्यास गंभीर धोका, बलात्कार, गर्भांतील गंभीर व्यंग, हीं कारणें मान्य आहेत. संततिनियमनाचें साधन फसलें हेंही कारण चालतें. अठरा वर्षें पुरीं झालेल्या स्त्रीची स्वतःची संमति पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाहीं. जे मागतात ते कायद्याबाहेरचें मागतात. तिचें नांव गुप्त ठेवणें डॉक्टरवर बंधनकारक आहे. २०२१ च्या दुरुस्तीनें वीस ते चोवीस आठवड्यांचें दार अत्याचारपीडित, अल्पवयीन, अपंग, गर्भारपणांत वैधव्य वा घटस्फोट आलेल्या अशा स्त्रियांस दोन डॉक्टरांच्या मतानें उघडलें. आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें अविवाहितेसही खुलें केलें.

ही मुदत कशी वाढली, हें आमच्या शेजाऱ्यांस आठवत असेल. २००८ सालीं खाडीपलीकडील भाईंदरच्या एका दांपत्यानें, गर्भाच्या हृदयांत दोष आढळल्यामुळें, मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. तेव्हांची वीस आठवड्यांची मुदत उलटून गेली होती, म्हणून परवानगी नाकारली गेली. तेथें विलंब कोणाच्या आळसाचा नव्हता. दोषच उशिरां दिसला होता. आज अशा गंभीर व्यंगाच्या प्रसंगीं चोवीस आठवड्यांपुढेंही वैद्यकीय मंडळाकडे जातां येतें. परंतु जेथें पाळी चुकल्याचें पहिल्या आठवड्यांतच कळतें, तेथें कोर्ट-कचेरीपर्यंत वेळ आणणें हा निव्वळ आमच्या मौनाचा दोष आहे.

आमच्या वाचकांत औषधविक्रेते पुष्कळ आहेत. त्यांस दोन गोष्टी सांगणें आम्हांस प्राप्त आहे. चिठ्ठीवांचून या गोळ्या विकणें हा गुन्हा आहे. पण कटकट नको म्हणून चिठ्ठी असतांही ग्राहकास परत पाठविणें हें तिला भोंदूच्या दारीं लोटणें आहे. मुलगी म्हणून गर्भ पाडणें ही गोष्ट अगदीं वेगळी. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालींच केला, व त्या दुष्कृत्यास आमचा विरोध कायम आहे. मात्र त्या चोराच्या भीतीनें सावाची वाट अडवूं नये.

ज्यांच्या धर्मबुद्धीस गर्भपात पटत नाहीं अशीं सच्छील माणसें आमच्या वसईंत पुष्कळ आहेत. त्यांच्या मतास आम्ही मान देतों, आणि कायदाही कोणा स्त्रीवर सक्ति करीत नाहीं. परंतु जिनें निर्णय केला आहे तिनें तो सहाव्या आठवड्यांत सुरक्षित जागीं अमलांत आणावा, कीं सोळाव्या आठवड्यांत अंधाऱ्या खोलींत, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचें उत्तर कोणत्याही धर्मास दुसरें देतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

आमची मागणी लहान आहे. मान्यताप्राप्त केंद्रानें मान्यतेचें प्रमाणपत्र दर्शनी जागीं लावावें, असा नियमच आहे. वसई-विरार महानगरपालिकेनें अशा केंद्रांची यादी आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रावर ठळक मराठींत व हिंदींत लावावी. त्यास एक फळा व एक दिवस पुरेल. आणि आमच्या वाचकांनीं आपल्या घरांतील लेकीसुनांस एवढें सांगावें: पाळी चुकली तर लपवूं नकोस, आम्ही रागावणार नाहीं, तुझ्याबरोबर येऊं.